घरंगळलेली अक्षरं

आता जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो! माझ्या लग्नाच्या बायकोचा बसला नाही, तिथे तुमची काय कथा? पण परवा इचोड्याच्या बस थांब्यावर, प्रयागबाईच्या हॉटेलात मी हे सांगायला बसलो, तेव्हा ऐकणाऱ्यांचे चहा कपातल्या कपात गार झाले. झालं तसं मांडतो.

कॉलेजची तीन पोरं शिष्यवृत्तीचे कागद घेऊन माझ्यापाशी आली होती. मागच्या बाकावर कुणी मास्तरीणबाई आमच्याकडे पाठ करून, आदिलाबादच्या बसची वाट पाहत वह्या तपासत बसल्या होत्या.

"भिवाजीकाका, भरून द्या नं," दौलत नावाचं पोरगं म्हणालं. "समदं तेलगूत हाय."

"देतो! पन आंधी आयका. सरकारी कागद म्हंजे जिता परानी हाय. नीट धरला नाई त चावते!"

तीस वर्षं मी याच थांब्यावर पोरापोरींचे कागद भरून देतोय. कुणाला वसतिगृह, कुणाला पुस्तकं, कुणाला बसचा पास. सरकार देतं हो, पण मागितल्याशिवाय देत नाही, आणि मागायचं कसं हे पोरांना कुणी सांगत नाही. मी सांगतो! आमची बोली मराठी, कचेरी तेलगू, आणि तेलगू तर मी पाण्यासारखं वाचतो. वाचायचीही गरज नसते, कागदाचा रंग पाहिला तरी पुरे. शिष्यवृत्तीचा गुलाबी. सुरुवातीची दहा वर्षं तरी गुलाबीच!

ही गोष्ट त्र्याण्णव सालच्या जुलैची. आमच्या पिंपळवाडीच्या सखूबाईची पोरगी भागीरथा दहावी पास झाली. पुढे शिकायचं तर आदिलाबादला जायचं, आणि जायचं तर शिष्यवृत्ती आणि वसतिगृहाची जागा हवी. जागा फक्त महिनाअखेरच्या शनिवारपर्यंत राखून ठेवलेली. नाही जमलं, तर सोमवारपासून आईबरोबर कापसाच्या निंदणाला!

"भिवाजीभाऊ, पोरीच्या जिंदगीचा सवाल हाय," सखूबाई म्हणाली.

"तू निवांत राह्य!" मी म्हटलं.

मंडल कचेरीच्या खिडकीतून मी स्वतः गुलाबी कागद उचलून आणला. भागीरथेचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून मराठीत लिहायला तिला बसवलं आणि मी ओळीमागून ओळ तोंडपाठ सांगत गेलो. पहिली ओळ, नाव: भागीरथा. दुसरी, आई: सखूबाई. वय: सतरा. तारीख: एक जुलै, कॉलेज उघडलं ती. ठिकाण: मुलींचं वसतिगृह, आदिलाबाद. कारण? मी म्हटलं, लिही, 'सर्व गावाची इच्छा'. साहेबावर वजन पडतं! आणि शेवटची ओळ, सोबत कोण: भिवाजी. मग भाताचं शीत लावून फोटो मी माझ्या हाताने डकवला आणि सगळा छापील मजकूर सखूबाईला खड्या आवाजात वाचून दाखवला. भागीरथा मध्येच काही बोलू लागली.

"काका, तो कागद..."

"मधात बोलू नको पोरी! वाचून राह्यलो नं!"

मग कागदाची घडी घालून पिशवीत टाकली आणि पिशवी घरी खुंटीला टांगली. तिरपी. इथेच चुकलो!

सकाळी पिशवी उचलली, तर आत खुळखुळ वाजलं. कवड्या हलवाव्यात तसं. आत हात घातला तर कागदाशिवाय काही नाही. पण कचेरीला उशीर होत होता. कागद कचेरीत देऊन आलो.

"काय वाजलं, काका?" दौलतने विचारलं. त्याचं बिस्कीट चहात विरघळून बुडालं, त्याला पत्ता नाही.

"सांगतो. दम धर."

आठ दिवसांनी, मंगळवारी, भर दुपारी बारा वाजता कचेरीचे बाबाराव कारकून छत्री घेऊन पिंपळवाडीत उतरले. वाळलेल्या शेंगेसारखा माणूस! ऊन असं की कावळासुद्धा बोलत नव्हता. बाबाराव दबक्या आवाजात विचारत निघाले, "सखूबाईचं घर कोनतं? लई वाईट झालं." लोकांनी घर दाखवलं. दार एका पोरीने उघडलं. पाण्याचा तांब्या पुढे केला. बाबारावांनी पाणी प्यायलं, खिशातून गुलाबी कागद काढला, फोटो पाहिला, पोरीकडे पाहिलं, परत फोटो पाहिला.

फोटोत भागीरथा उलटी होती! डोकं खाली, वेण्या वर.

तांब्या एकीकडे, छत्री एकीकडे आणि बाबाराव थेट माझ्या ओसरीवर! दातांवर दात वाजत होते. त्याच आवाजात त्यांनी कागद वाचला. तो शिष्यवृत्तीचा उरलाच नव्हता! गेलेल्या माणसाच्या क्रियाकर्माला सरकारी मदत मागायचा झाला होता. मयताचं नाव: भागीरथा. मृत्यूची तारीख: एक जुलै. ठिकाण: मुलींचं वसतिगृह. मृत्यूचं कारण: सर्व गावाची इच्छा! आणि मरणसमयी सोबत कोण?

"भिवाजी," बाबाराव म्हणाले आणि माझ्यापासून हातभर सरकले.

आता खुळखुळ कशाची होती ते कळलं? अहो, तेलगू अक्षरं गोल! एकेक अक्षर बोरासारखं. तिरप्या पिशवीत रात्रभर घरंगळली, आणि सकाळी जिथे खड्डा मिळाला तिथे बसली. आपली मराठी अक्षरं वरच्या रेघेला धरून लोंबकळतात, म्हणून ती जागची हलली नाहीत. उत्तरं तीच राहिली, प्रश्न बदलले!

"आन् फोटो?" दौलत कुजबुजला.

"जित्या मानसाचा फोटो सरळ राह्यते. सरकारनं मेला म्हनून लिवलं, की आपोआप फिरते."

खरी भीती पुढेच आहे. सरकारने पोरीला मेली म्हणून लिहिलं आणि पोरगी हळूहळू पातळ व्हायला लागली! बुधवारी गल्लीतली कुत्री तिच्यावर भुंकेनात. गुरुवारी ती रांजणात वाकली, तर पाण्यात नुसतं छप्पर दिसलं. सावली तर ताकासारखी झाली, तिच्यातून खालची माती दिसे. सखूबाई ठणकावून म्हणाली, "आमी बुद्धाची मानसं, भूतबित मानत नाई!" आणि मग जरा हळू, "पन बाई, तू आज वट्यावरच जेव."

"माय, मी तुही पोरगी हाय वं!" भागीरथेच्या डोळ्यांत पाणी आलं. टिपूस जमिनीवर पडलं, पण माती ओली झाली नाही. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं!

शुक्रवारी मी तिला घेऊन कचेरीत निघालो. बसमध्ये कंडक्टरने माझं तिकीट फाडलं. तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कचेरीत तीन तास उभे राहिलो, एकानेही मान वर केली नाही. तिथे जित्या माणसाकडेही कुणी पाहत नाही, म्हणून हे भुताचं की नेहमीचं, ते कळायला दुपार गेली.

शेवटी साहेबांनी दप्तर उघडलं. "भागीरथा, फौत. फौत झालेल्याला शिष्यवृत्ती देता येत नाही. वसतिगृहाची जागाही उद्या दुसरीला जाईल."

"साहेब, मी समोर उभी हाय नं!"

"तोंडी चालत नाही."

"मंग अंगठा घ्या माहा!"

बाबारावांनी लांबूनच शाईची डबी पुढे केली. साहेबांनी ती परत सारली. "अंगठा नको. या कपाटात मेलेल्यांचे अंगठे ढीगभर आहेत. जमिनीच्या पहाणीत, मजुरीच्या पावतीत, जिकडेतिकडे मेलेलेच अंगठे देतात."

डोक्यावरचा पंखा थांबला. कपाटातल्या कागदांच्या बस्त्यांमधून कुणी तरी सुस्कारा टाकला. खोलीत थंडगार वास सुटला, बंद देवळात असतो तसा. मी भागीरथेकडे पाहिलं, तर तिच्या आरपार भिंतीवरचं कॅलेंडर दिसत होतं. तारीखसुद्धा वाचता येत होती!

आणि पोरीने काय करावं? साहेबांच्या खिशातला पेन उपसला, दप्तर आपल्याकडे ओढलं आणि त्या 'फौत' शब्दाच्या बाजूला मराठीत ठसठशीत सही ठोकली. मग इंग्रजीत. मग तेलगूत, जमेल तशी, अक्षरं मोडत.

"मी शिकनार हाय," ती म्हणाली. "मेली असन त मेलेली शिकन. पन शिकनार!"

साहेबांनी सहीवर बोट फिरवून पाहिलं. मग त्यांनी पन्नास वर्षांची दप्तरं काढायला लावली. निजामाच्या काळापासून धुंडाळलं. तासाभराने चष्मा काढून म्हणाले, "या कचेरीत आजपर्यंत एकाही मयताने सही केलेली नाही. मुलगी जिवंत आहे."

तांबड्या शाईने 'फौत'वर रेघ मारली. रेघ पुरी झाली आणि भागीरथेची सावली फरशीवर धप्पकन पडली! बाहेर कुत्रं भुंकलं. पंखा फिरला. शनिवारी पोरगी वसतिगृहात! आणि शिष्यवृत्तीचा कागद साहेबांनी स्वतः भरला. त्या वर्षापासून तो हिरवा झाला होता म्हणे. असो, रंगात काय आहे?

"तर पोरांनो," मी मिशीवरून हात फिरवला, "म्हनून सांगतो, कागद भरावा भिवाजीकडूनच. आन् पिशवी कदी तिरपी टांगू नोका!"

प्रयागबाईच्या हातातली गाळणी तशीच. दौलतने आपला कागद टेबलावर सपाट ठेवला आणि अक्षरं पळू नयेत म्हणून दोन्ही हातांनी दाबून धरला.

तेवढ्यात मागच्या बाकावर वही मिटल्याचा आवाज झाला. मास्तरीणबाई वळल्या. केसांत थोडं पांढरं, चष्मा, पण ते डोळे! मी हातातली बशी खाली ठेवली.

"भागीरथा? तू... तू कवाची बसली इथं?"

"सुरुवातीपासून आयकून राह्यली, काका. लई मस्त सांगता." तिने दौलतच्या हाताखालचा कागद अलगद काढून घेतला, चष्मा सारखा करून तेलगू मजकुरावर नजर फिरवली आणि पेन उघडला. "आन् हा कागद, मी भरते. अक्षरं गोल व्हती, घरंगळली, तेबी मानते. पन माहा फोटो त चौकोनी व्हता नं, काका?"