व्याह्यांसाठी अळंबी

लेकीचा होणारा सासरा संध्याकाळी जेवायला यायचा होता. "तुमच्या गावात वाळूखेरीज काय उगवतं?" असं तो एकदा हिणवून गेला होता आणि छारी आगाने त्याला छातीठोकपणे अळंबी कबूल केली होती. शब्द खोटा ठरला तर नाकच कापलं जाणार. पण छारी निर्धास्त होता. काराकुमच्या वाळवंटात पाऊस पडून गेला होता. हिंगाच्या वाळक्या झुडपांच्या बुडाशी तळहाताएवढी पांढरी अळंबी आलीच असणार. ती जागा त्याने कधी बायकोलाही सांगितली नव्हती.

विहिरीपाशी शेजारच्या सापारने हटकलं. "पोती घेऊन कुठे निघालात, आगा?"

"उंटीण हरवलीय," छारीने ठोकून दिलं. उंटीण गोठ्यात निवांत रवंथ करत होती.

"मग एकटेच? आम्ही काय मेलो?"

वाळवंटात कुणाचं जनावर हरवलं आणि शेजारी घरात बसून राहिला, तर त्याला पुढे कोणी चहासुद्धा विचारत नाही. बघता बघता गावातल्या साऱ्या मोटारसायकली बाहेर पडल्या. हा लवाजमा आपल्या जागेवर नेणं शक्यच नव्हतं. छारीने सगळ्यांना बरोबर उलट दिशेला नेलं आणि घरी बांधलेल्या उंटिणीला हाका मारून मारून स्वतःचा घसा बसवून घेतला.

रिकाम्या हातांनी सगळे परतले तेव्हा व्याही दारातच उभे होते. तेवढ्यात टेकाडावरून ओगुलबीबी, छारीची बायको, उंटिणीवर बसून आली. दोन्ही बाजूंना अळंबीने फुगलेली पोती. हरवल्याची बातमी तिला विहिरीवरच कळली होती.

"सापडली बाई," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "अळंबीपाशीच उभी होती."

"तुला जागा कशी माहीत?" छारी कुजबुजला.

"तुम्हाला कुणी दाखवली? माझ्या बापानेच ना?"

व्याह्यांनी तीनदा वाढून घेतलं. मग दाढी पुसत म्हणाले, "व्याहीबुवा, अळंबी हुडकणारी उंटीण मी उभ्या जन्मात पाहिली नाही. एवढी मला द्या."

पाहुण्याने मागितलेलं नाकारायचं नसतं. आणि उंटीण हरवलीच नव्हती हे सांगावं, तर कानातली वाळू काढत बसलेले शेजारी समोरच होते. छारीने मान डोलावली.

सकाळी व्याही उंटीण घेऊन गेले. ओगुलबीबीने रिकामी पोती छारीच्या हातात दिली.

"चला, तिकडे अजून बरीच आहेत. येताना ओझं तुमच्या पाठीवर."