कॉफीयंत्र गळती निवारण समितीचा अहवाल

पाणी नेहमी वरून खाली वाहते, हे शास्त्राला फार पूर्वीच कळलेले आहे. मात्र ते आपल्याच स्वयंपाकघरात वाहू लागले, की नुसते शास्त्र पुरत नाही. समिती लागते.

माझ्या दादाच्या घरी एस्प्रेसो कॉफीचे यंत्र आहे. (पूर्वी त्या घरात कॉफी नुसती पीत. आता ती ‘काढतात’ आणि तिच्याविषयी बोलतात.) यंत्र खिडकीजवळच्या टेबलावर आहे. तिथे पूर्वी बाबा पेपर वाचत. यंत्राला हलवायला दोन माणसे लागतात आणि बाबांना एक शब्द पुरतो, तेव्हा कोणाला हलवावे हे उघडच होते. बाबा आता आतल्या खोलीत पलंगावर बसून वाचतात. उजेड कमी पडतो अशी त्यांची तक्रार नाही. असे सहकार्य दुर्मीळ.

या यंत्राच्या मागे तांब्याची एक बारीक नळी टाकीला जोडलेली आहे. एके दिवशी त्या जोडावरच्या पितळी नटाखालून थेंब पडू लागला. वेग, मिनिटाला सहा थेंब (मोजणी माझी). दादाने त्याच दिवशी समिती नेमली. अध्यक्ष दादा, निरीक्षक वहिनी, आणि सचिव मी, म्हणजे धाकटा भाऊ. दर रविवारी तिथे फुकट कॉफी मिळत असल्यामुळे माझ्या निःपक्षपातीपणाबद्दल कोणालाच शंका नव्हती. पहिल्याच बैठकीत वहिनी म्हणाल्या, “एखादा प्लंबर बोलवा ना सरळ.” ही सूचना ‘यंत्राचा अवमान’ या सदराखाली फेटाळण्यात आली.

बाबांना समितीत घेण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांची पात्रता काय, तर एका मोठ्या इस्पितळाच्या बॉयलरखोलीत त्यांनी चौतीस वर्षे वाफेचे पाइप जोडले. तरी ते बैठकीच्या वेळी दारात येऊन उभे राहिले.

“नट आवळू नकोस रे,” ते दादाला म्हणाले. “नळी तिरकी बसलीय. सैल कर आणि सरळ बसव.”

“बाबा, हे नळाचं काम नाही,” दादा समजुतीच्या सुरात म्हणाला. “यात नऊ बारचं प्रेशर असतं.”

“आमच्याकडं दहा असायचं.”

“ते वेगळं हो.”

ते कसे वेगळे, याची नोंद इतिवृत्तात सापडत नाही. (इतिवृत्त मीच लिहितो.) बाबा आत गेले.

यानंतर प्रकरण तज्ज्ञांकडे गेले. अशा यंत्रधारकांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे, सदस्यसंख्या अकरा हजार. दादाने तिथे थेंबाचे सतरा फोटो टाकले. एकशे त्रेचाळीस उत्तरे आली. एकसष्ट जणांनी याहून मोठे यंत्र घ्यायला सांगितले. सत्तेचाळीस जणांनी बिया कोणत्या वापरता असे विचारले. तेहेतीस जणांचा सल्ला होता, नटाला पांढरी टेप गुंडाळा आणि दणकून आवळा. एकाने दुसऱ्याच कोणाला तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. उरलेल्या एकाने विचारले, “घरात पाइपातलं कळणारं कोणी आहे का?” हा प्रश्न विषयाला सोडून असल्याने काढून टाकण्यात आला.

दादाने टेपचे अकरा वेढे दिले आणि पाय भिंतीला टेकवून नट आवळला. थेंबाची धार झाली. समितीने ही प्रगती मानली, कारण आता मोजत बसावे लागत नव्हते. जोडाखाली ठेवलेल्या वाडग्याच्या जागी बादली आली. ती दर दोन तासांनी रिकामी झालेली आढळे. ती कोण रिकामी करते, याचा तपास करण्याची गरज समितीला भासली नाही.

तेवढ्यात ताईचा फोन आला. माझ्यासमोरच आला, आणि स्पीकरवर होता म्हणून ऐकू आला.

“बाबा, माझ्या बेसिनखाली गळतंय. मी कुणाला हात लावू दिला नाहीये. तुम्ही याल?”

बाबांनी फोन दोन्ही हातांत धरला होता. “येतो की. वॉशर वगैरे आणून ठेवू नकोस. मी आधी बघतो.”

मग त्यांनी माळ्यावरून हत्यारांची पेटी काढायला लावली आणि तिच्यावरची धूळ स्वतःच्या टॉवेलने पुसली. मला त्या वेळी फार लाज वाटली. (इतिवृत्तात नोंद नाही.)

निघायच्या दिवशी सकाळी दादा आणि वहिनी बॅग गाडीत ठेवायला खाली गेले. बाबा पेटी घेऊन यंत्राजवळ आले. त्यांनी प्लग काढला, पाणी बंद केले, नट सैल केला. टेपचे अकरा वेढे सोडवून त्यांचा बोळा माझ्या हातावर ठेवला. नळीवरची चेपलेली पितळी कडी काढून पेटीतली नवी घातली, नळी सरळ धरली, नट आधी बोटांनी फिरवला आणि मग पान्याने जेमतेम पाव आटा. पाणी सुरू केले, प्लग लावला. बोट फिरवून पाहिले, तर जोड कोरडा. चार मिनिटे लागली.

“दादाला सांगू?” मी विचारले.

“विचारलं तर सांग.”

दादाने विचारले नाही. त्याने संध्याकाळी ग्रुपवर लिहिले, “आपणा सर्वांच्या मार्गदर्शनाने गळती थांबली. धीर धरा, टेप हळूहळू बसते.” नऊशे बारा जणांनी अंगठे दिले. समितीनेही तसाच निष्कर्ष काढला आणि मी त्यावर सही केली. सही करताना टेपचा बोळा माझ्या खिशात होता.

बाबा अजून परत आलेले नाहीत. ताईचे बेसिन झाले, मग गच्चीवरचा नळ निघाला, मग बाथरूममधला. तिच्याकडे आठवड्याला काही ना काही गळतेच. (ती स्वतःच नट सैल करून ठेवते, असा माझा दाट संशय आहे. तिघा भावंडांचे डोके देवाने तिला एकटीलाच दिले.) दादा म्हणतो, “त्यांना तिकडंच करमतं.” खिडकीतला उजेड यंत्रावर फार छान पडतो.

आता सुज्ञ वाचकांना प्रश्न पडला असेल, की ती कडी नेमकी कोणत्या मापाची आणि पाव आटा म्हणजे नक्की किती. शोधण्यासाठी तुम्ही मोबाइल हातात घेतलाही असेल. घेतलाच आहे तर बघा, त्यात एक नंबर असा असेल, ज्यावर तुम्ही फक्त “जेवलात का? गोळ्या घेतल्या का?” एवढेच विचारता. त्या माणसाला आयुष्यभर कोणते काम येत होते, ते आठवते का?

आठवत नसेल, तर ग्रुपवर टाकून पाहा.