स्टार्टरचं म्हणणं

जानेवारीच्या सकाळी दिल्लीतल्या आमच्या लक्ष्मीबाई नगरात गाड्या सुरू व्हायला लागल्या, की वरच्या मजल्यावरचे गजभियेसाहेब कानावरचा मफलर खाली करतात. थंडीत सगळं जग कान झाकतं, हे उघडतात. हातात चहाचा कप, डोळे मिटलेले. खाली एखादी गाडी कण्हली, की बाल्कनीतून निकाल येतो, "शर्माजी, बॅटरी छोड़िए, टर्मिनल देखिए!" शर्माजी बॉनेट उघडतात आणि टर्मिनल खरंच सैल निघतं.

साहेब मूळचे भंडाऱ्याचे. इथे एका मंत्रालयात दक्षता विभागात आहेत, म्हणजे दिवसभर लोकांच्या चौकशा करतात. घरी आल्यावर हात रिकामे राहू नयेत म्हणून गाड्यांच्या करतात.

माझ्या डिझेल गाडीचंच सांगतो. गाडीबद्दल माझं ज्ञान किल्ली कुठे घालायची इथपर्यंत आहे, आणि तीही बरेचदा बायको शोधून देते. एका हिवाळ्यात गाडी सुरू होताना रडायला लागली. घर्र... घर्र... दोन घर्रच्या मधे माणूस राजीनाम्याचा विचार करून परत येईल. मेकॅनिकने लांबूनच सांगितलं, "स्टार्टर गया, सर. बदलना पड़ेगा." मी मान डोलावणार, तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या.

"सावंतसाहेब, स्टार्टरचं म्हणणं ऐकलं का?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय? कोणीतरी बोट दाखवलं की लगेच निलंबन? काही पद्धत असते ना जी! हेडलाइट लावा. हां. आता फिरवा किल्ली."

समोरच्या भिंतीवरचा उजेड एकदम पिवळा पडला.

"पाहा. नुसतं टिक् वाजलं असतं आणि दिवे ठणठणीत राहिले असते, तर मी स्टार्टरवर संशय घेतला असता. बॅटरी कधीची?"

"परवाच घेतली."

"मग मधे कोणीतरी खातंय."

त्यांनी बॅटरीपासून सुरुवात करून एकेका वायरीचं टोक चाचपलं. बॅटरीची काळी वायर जिथे गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते, तिथे बोट ठेवलं आणि झटकन मागे घेतलं. "हा घ्या तुमचा आरोपी. जो खातो तो तापतो." बोल्टवर हिरवट पांढरी पूड जमली होती. पॉलिश पेपरने घासलं, आवळलं, गाडी एका हाकेत सुरू. मी विजयी मुद्रेने वर पाहिलं. खिडकीतून बायको म्हणाली, "अहो, साहेबांना चहाला बोलवा. आणि तुम्हीही या."

एवढा जाणकार माणूस, पण त्यांची स्वतःची डिझेल गाडी कॉलनीत सगळ्यात वाईट सुरू व्हायची. लोक विचारायचे, "गजभियेजी, इसकी इन्क्वायरी कब पूरी होगी?" साहेब म्हणायचे, "मामला विचाराधीन है." शेवटी या हिवाळ्यात ती पूर्ण झाली. बॅटरी निर्दोष, वायरी निर्दोष. स्टार्टरच आतून झिजलेला. साहेबांनी नवा बसवायचं ठरवलं. गजभियेवहिनी म्हणाल्या, "दिल्लीत डिझेलला दहाच वर्षं, हिचे दिवस भरत आले. आता हिला नवा स्टार्टर कशाला?"

"आईसाठी," साहेब म्हणाले.

साहेबांच्या आई ऐंशीच्या पुढच्या. वडील गेल्यावर साहेबांनी त्यांना याच गाडीत बसवून दिल्लीला आणलं. हल्ली त्यांचं विसरणं वाढलंय. संध्याकाळ झाली की पिशवी भरून दारात उभ्या, "चाल ना बाबू, घरी जाऊ." घर म्हणजे भंडाऱ्याचं. मग ज्याला अख्खं ऑफिस घाबरतं तो बाबू त्यांना गाडीत बसवतो, एक फेरी मारून परत आणतो. आपण घरी पोचलो असं वाटून आई जेवतात. फेरी चुकली, तर घास घेत नाहीत. म्हणजे ऐन संध्याकाळी गाडी अडून बसणं परवडणारं नव्हतं.

नवा स्टार्टर बसला. किल्ली फिरवायचा अवकाश, इंजिन चालू! साहेबांनी कॉलनीत पेढे वाटले.

त्या संध्याकाळी आई गाडीत बसल्या, साहेबांनी किल्ली फिरवली, आणि आई दार उघडून खाली उतरल्या.

"हे आपली गाडी नोहे."

"आई, आपलीच आहे. ही बघ सीटवर तुझी गोधडी."

"माझी गोधडी बी चोरली का यानं?"

जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही तेच. वहिनींनी समजावलं, डॉक्टरांनी गोळी बदलली, माझ्या बायकोने खीर नेली. तिसऱ्या संध्याकाळी साहेब आमच्या दारातल्या पायरीवर बसले होते. मीही शेजारी बसलो. थंडीबद्दल बोललो.

तेवढ्यात बायको वरून वाटी घेऊन उतरली. वाटी भरलेलीच होती.

"भाऊजी, आई म्हणतात, आपली गाडी आधी खोकलते, मग चालते. ही खोकलतच नाही, मग परक्याच्या गाडीत कशी बसू?"

साहेबांनी तिच्या हातातली वाटी घेतली आणि ते जिना चढून वर गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते सुट्टी टाकून मेकॅनिककडे गेले. सोबत मी होतो.

"पुराना वाला वापस लगा दो."

"खराब वाला?"

"हाँ. वही."

मेकॅनिकने मला बाजूला घेऊन विचारलं, "साहब की तबीयत तो ठीक है?"

संध्याकाळी आई गोधडीवर बसल्या. मी पुढे, साहेबांच्या शेजारी. त्यांनी किल्ली फिरवली. घर्र... घर्र... घर्र... गल्लीतल्या चार खिडक्या उघडल्या. साहेबांची बोटं किल्लीवर पांढरी पडली होती. मागून आईंचा हात पुढे आला आणि सीटची पाठ थोपटायला लागला.

"दम खा माय. घाई कोनाले आहे?"

गाडी सुरू झाली. आईंनी दार आपणहून ओढून लावलं.

बाजार मागे टाकून आम्ही सांडपाण्याच्या नाल्यावरच्या पुलावर आलो. तिथे साहेबांनी वेग अगदी कमी केला. मागचे हॉर्न वाजवत होते.

"वैनगंगा आली का रे बाबू?"

"आली, आई."

"पानी कमी दिसते."

"वर धरणात अडवलंय."

"अन् वास कायचा?"

"ढिवरांनी मासळी काढली असंल."

"हाव, ताजी असंल," आई समाधानाने म्हणाल्या.

खिडकीची काच वर करायला माझं बोट बटणावर गेलं होतं. ते मी काढून घेतलं.