ताईचा अर्धा, टिल्लूचा अर्धा

मुलांची खोली सजवायला डिझायनर लागतो असं ज्यांना वाटतं, ते मला अजून भेटलेले नाहीत! एका कडेवर रडकं बाळ आणि दुसऱ्या हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन मी पाळणा जोडलेला आहे. पाळणा अजून शाबूत आहे. जरासा डावीकडे कलतो, एवढंच.

तर आमच्याकडे खोली एक आणि मुलं दोन. ताई नऊ वर्षांची, टिल्लू पाचचा. ताईचं खरं नाव आता तिच्या शाळेतल्या बाईंनाच तेवढं आठवतं. टिल्लू जन्मला त्या दिवसापासून ती सगळ्या घराची ताई झाली. तिला कोणी विचारलंच नव्हतं म्हणा!

दोघांची भांडणं रोजचीच. पण एकदा टिल्लूने ताईच्या प्रकल्पातल्या सूर्यमालेतून गुरू उपटला, खाली खेळायला नेला आणि हरवून आला. संध्याकाळी बघते तर ताई बॅग भरतेय.

"कुठे निघालीस गं?"

"आजीकडे. कायमची. तिथल्या शाळेत माझं नाव घाल."

रडली-ओरडली असती तर मी घाबरले नसते हो! पण ती शांतपणे मोज्यांच्या जोड्या लावत होती. इतक्या नीटनेटक्या बॅगेपुढे आईचं काय चालणार? वर आजीला फोनही करून झालेला. आजी म्हणे, "येऊ दे की, मला सोबत होईल!"

"आणि तुला इथेच तुझी स्वतःची खोली मिळाली तर?" मी म्हटलं.

ताईने एक मोजा हातात धरून विचार केला. "त्यात टिल्लू दिसता कामा नये."

"नाही दिसणार!"

"खोली झाली की पुढच्या रविवारपर्यंत राहून बघते. नाही आवडली तर मी चालले."

झालं! मी खडू घेतला आणि खोलीच्या फरशीवरच आराखडा काढला. खऱ्या मापाचा! पलंग कुठे येईल ते कळावं म्हणून नवऱ्याला जमिनीवर आडवं केलं.

"अगं, पाठीला गार लागतंय."

"पलंग बोलत नाही! पाय सरळ कर."

खोलीच्या मधोमध लांबलचक, उंचच्या उंच कपाट. अलीकडे दाराशी ताई, पलीकडे टिल्लू. खिडकी दोघांना अर्धी-अर्धी. ताईचा रंग फिका निळा, टिल्लूचा असा नारिंगी की बघणाऱ्याने डोळ्यांवर हात धरावा. कपाटाच्या टोकाला, खिडकीपाशी, टिल्लूला ये-जा करायला फट. इतका सुंदर न्याय कोर्टातसुद्धा होत नसेल!

सुतारकाका टेप घेऊन उभे. "वहिनी, जायला-यायला जागा किती सोडू?"

"जास्त नको," ताई म्हणाली. "तो दिसेल."

मी टिल्लूला भिंतीला टेकवून उभं केलं, त्याच्या नाकापुढे चार बोटं सोडली आणि खडूने रेघ मारली. "एवढी! वाढत्या अंगाचा हिशोब धरलाय." त्याचे शर्ट घेतानाही मी असाच हिशोब धरते.

काकांनी रेघेकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आणि मोठी माणसं?"

"काका," मी हसून म्हटलं, "खोली मुलांची आहे!"

काका करवत घेऊन कामाला लागले. टिल्लूचा पलंग आधी आत गेला, मागून कपाट उभं राहिलं. फटीलगतचा शेवटचा खण ताईच्या बाजूने ठोकून काका दुसऱ्या गावी भावाच्या घराचं काम करायला निघून गेले. ताईने आपल्या अर्ध्यातून एक चक्कर मारली, टेबलाचा खण उघडून बघितला आणि म्हणाली, "बरी आहे." ताईच्या तोंडून 'बरी' म्हणजे सुवर्णपदक! मी तर नवऱ्याला सांगूनही टाकलं की आता लोकांच्या खोल्या सजवायला घेणार.

तासाभरात पलीकडून हाक आली. "आई, पाणी!"

मी ग्लास घेऊन निघाले आणि फटीत खांद्यालाच अडकले. तिरकी झाले, उलटी झाले, केस सोडून बघितले. काही उपयोग नाही! ग्लासातलं पाणी मात्र सगळं माझ्या अंगावर सांडलं.

"तुला जमत नाही," म्हणत नवरा पुढे सरसावला. एक हात गेला, एक पाय गेला, आणि मग बाटलीत बूच बसावं तसा तो गच्च बसला!

"श्वास सोड!"

"सोडलाय!"

"मग पोट आत घे!"

"घेतलंय! उरलंय ते एवढंच आहे!"

इतक्यात तो किंचाळला. पलीकडे गेलेला त्याचा हात टिल्लूच्या तावडीत सापडला होता. टिल्लूने त्यावर आधी पेनाने घड्याळ काढलं, मग पाचही नखं हिरवी रंगवली आणि आता तळहाताला गुदगुल्या चालवल्या होत्या. अडकलेल्या माणसाला हसता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. तो नुसता कपाटासकट थरथरत होता!

"व्हा बाजूला," ताई म्हणाली.

पुस्तक मिटून ती उठली. "टिल्लू, गुदगुल्या बंद. मी तीन म्हटलं की बाबाला ढकलायचं. बाबा, तू मान वळव. आई, तू ओरडू नकोस." एक, दोन, तीन आणि बूच निघालं! नवरा थेट ताईच्या पलंगावर जाऊन पडला. चादर विस्कटल्याबद्दल ताईने त्याची खरडपट्टी काढली, ग्लास पुन्हा भरला आणि सुळकन फटीतून पलीकडे गेली. एक थेंब सांडला नाही!

मी सुतारकाकांना फोन लावला. "काका, मला आत जाता येत नाहीये!"

"खोली मुलांची आहे ना, वहिनी?" काका शांतपणे म्हणाले. "रविवारी येतो."

रविवारपर्यंत काय काय झालं म्हणून सांगू! टिल्लूला लगेच शोध लागला की आपल्या अर्ध्यात आई-बाबा पोचत नाहीत. आंघोळीची वेळ झाली की तो पलीकडे, आणि आम्ही कपाटासमोर नवसाला आल्यासारखे हात जोडून उभे! "पकडून दाखवा!" असं वर म्हणायचा. सगळ्या घरात त्याला आणू शकणारं माणूस एकच. ते माणूस गृहपाठ संपवायचं, पेन्सिलीला टोक करून ठेवायचं आणि मगच उठायचं.

ती त्याला ओढत नसे की रागावत नसे. नुसतं म्हणे, "नको येऊस. मग आज टॉवेलचा तंबू मी एकटीच करते." टिल्लू तिच्याआधी न्हाणीघरात! पाच वर्षं मी त्या पोराच्या मागे बादली घेऊन धावतेय, मला हे का सुचलं नाही?

त्याचे मळके कपडे तीच बाहेर आणायची, धुतलेले आत न्यायची. एका दुपारी त्याला बारीक कणकण आली. मी फटीतून हात लांब करून चाचपडत होते, तर ताईने माझा हात धरून बरोबर त्याच्या कपाळावर ठेवला. "जास्त नाहीये, आई. मी बसते इथे. तू जा, तुझं दूध उतू जातंय." दूध खरंच उतू जात होतं!

मी परत आले तेव्हा कपाटापलीकडून गोष्ट ऐकू येत होती. एक गुरू नावाचा ग्रह घर सोडून खेळायला गेला आणि हरवला, अशी. "मग त्याला कोण शोधतं?" टिल्लूचा आवाज. "ताई शोधते. दुसरं कोण?" मी कपाटाला कान लावून उभी. नवऱ्याने विचारलं, "डोळ्यांत काय गेलं?" म्हटलं, लाकडाचा भुसा.

शनिवारी आजीचा फोन. ताईनेच उचलला. मी धावत जाऊन फोनपाशी कान लावला!

"येतेस ना गं उद्या?"

"कशी येऊ, आजी?" ताईने मोठ्या माणसासारखा उसासा टाकला. "इथे माझ्यावाचून पान हलत नाही."

मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच नाचले!

रविवारी काका हत्यारांची पिशवी घेऊन हजर. "चला, शेवटचा खण काढतो."

"काढायचा नाही," ताई कपाटापुढे हात पसरून उभी राहिली. तिच्या बगलेतून टिल्लूचं डोकं. "नाही म्हणजे नाही!"

"अगं, पण तुझी खोली वेगळी हवी होती ना तुला?"

"वेगळीच आहे. तिथे मोठी माणसं येत नाहीत."

तेव्हा कुठे माझं ताईच्या अर्ध्याकडे लक्ष गेलं. पलंगावर गादी नाही! उशी नाही, पुस्तकं नाहीत, ती बॅगसुद्धा नाही. मी फटीतून डोकं घातलं. नारिंगी भिंतीखाली दोन गाद्या एकमेकींना चिकटून. वर दोरीला सूर्यमाला टांगलेली आणि गुरूच्या जागी टिल्लूचा लाडका लाल चेंडू!

म्हणजे दोघांना वेगळं करायला मी एवढं कपाट बांधलं, आणि वेगळे झालो कोण, तर आम्ही!

शेवटी समेट झाला. काकांनी तो खण सुटा करून खाली चाकं लावली. अडीअडचणीला तो सरकवता येतो. आतली कडी बाहेरून काढायला बोटभर भोकही ठेवलंय, पण ते फक्त तापासाठी आणि आगीसाठी, अशी ताकीद मिळाली आहे. एरवी टकटक करायची.

"कडी कुठल्या बाजूला लावू?" काम चालू असताना काकांनी विचारलं. मी तोंड उघडलं, पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. ते ताईला विचारत होते!

ताईचा निळा अर्धा आता रिकामाच असतो. तिच्या नव्या टेबलाशी बसून, मुलं पलीकडे रमली आहेत तेवढ्यात, मी हे लिहितेय. टेबल छान झालंय, स्वतःच्या तोंडाने सांगते! एखाद्याला खोली सजवून हवी असेल तर मी अजूनही...

"आई! पाणी! दोन ग्लास!" पलीकडून ताईचा आवाज. "आणि आत येऊ नकोस हं. फटीपाशी ठेव, आम्ही घेतो."