अप्पासाहेबांचा रूळ

इंदुरातल्या आमच्या शेजारच्या अप्पासाहेब मोकाशींनी एकदा माझ्या पोटाला लाकडी रूळ लावून मला काय झालंय ते सांगितलं होतं. ऑफिसात रेघा मारायला असतो तो रूळ, गोल, काळा, हातभर लांब. एक टोक माझ्या बेंबीपाशी, दुसरं त्यांच्या कानाला. डोळे मिटून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "भिया, काल सराफ्यात गराडू जरा जास्तच झाले." झाले होते खरे. पण त्यांनी मला तिथल्या गाडीवर त्या तळलेल्या कंदाच्या फोडी हाणताना पाहिलं होतं, हे मला मागाहून कळलं.

अप्पांचे पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते, वडील खासगी कारभारात आणि अप्पा स्वतः बांधकाम खात्यात हेडक्लार्क. "तलवार गेली, रूळ आला," असं ते म्हणायचे, पण रुळाचा रुबाब तलवारीचाच. काखेत रूळ घेतल्याशिवाय माणूस दारापर्यंत जायचा नाही. गल्लीतले नळ, भिंतीवरची घड्याळं, बाजारातली कलिंगडं, कशालाही रूळ लावायचे आणि निदान सांगायचे. निम्म्या वेळा ते बरोबर निघायचं. बाकीच्या वेळी वस्तूच खोटारडी असायची.

"पहले सुनो, फिर खोलो," हे त्यांचं पालुपद. मिस्त्री आधी खोलतो, डॉक्टर आधी खोलतो, म्हणून सगळा सत्यानाश होतो. मध्यप्रदेश तेव्हा नवा नवा झालेला. ऑफिसं एकेक करून भोपाळला निघाली होती. "हेच बघा ना," अप्पा म्हणायचे, "कोणी काही ऐकलं? डायरेक्ट खोला!" त्यांचीही बदली भोपाळला झाली, तर ते मुदतीआधी पेन्शन घेऊन मोकळे झाले. कारण विचारलं तर म्हणाले, भोपाळचे चढउतार माझ्या गाडीला झेपणार नाहीत.

गाडी म्हणजे एक जुनी विलायती मोटार, कुण्या सरदाराकडून हातोहात उतरत अप्पांकडे आलेली. तिच्यात पुढे अप्पा एकटे बसायचे आणि माई, म्हणजे त्यांच्या पत्नी, मागच्या सीटवर मधोमध. शेजारची जागा रिकामी. गल्लीला हे पाहून फार करमणूक व्हायची. "राज्य विलीन झालं, पण यांची राणीसाहेब अजून मागेच बसते," असं आमची ही म्हणायची. मलाही तो जुना सरदारी थाटच वाटायचा.

माईंना ऐकू येणं कमी कमी होत चाललं होतं. मुंबईपर्यंत डॉक्टर झाले, काही उपयोग नाही. माई स्वभावाने गोड, पण बोलायच्या ते अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं. आणि अप्पा त्यांच्याशी बोलायचे ते पलीकडच्या गल्लीला. "अगं, भाजीत मीठ कमी आहे!" हे आम्हाला आमच्या जेवणाच्या वेळी रोज समजायचं. पुढे पुढे त्यांनी मिठाची तक्रारही सोडली. इतकं ओरडून सांगण्यासारखं घरात असतं तरी काय?

माईंचं माहेर मानपूरला. वर्षातून एकदा, अक्षयतृतीयेला, त्या भावाकडे जायच्या. बसच्या गर्दीत त्या घाबरायच्या, कोण काय म्हणतंय कळायचं नाही. तेव्हा अप्पांच्या गाडीला पर्याय नव्हता. गाडी गेली तर माई माहेरी, नाहीतर वर्षभर राहिल्या घरी.

आणि नेमकी ती गाडी रडायला लागली. मागच्या चाकांच्या मधे लोखंडी गोळा असतो ना, डिफरन्शियल, तिथून सूर निघायचा. बारीक, लांबलचक, सनईवाल्याने एकच स्वर धरून ठेवावा तसा. अप्पा जवाहर मार्गावर असले की आम्ही घरात चहाचं आधण ठेवायचो.

त्यांचं निदान मात्र पाहण्यासारखं होतं. मला त्यांनी मागच्या सीटच्या पायथ्याशी आडवं केलं, कानाला रूळ दिला आणि स्वतः गाडी हाकू लागले. "डांबरावर सूर तोच आहे? आता कच्च्यावर? तोच? मग टायर नाही!" मग चालत्या गाडीत न्यूट्रल. "आता?" "कमी झाला अप्पा!" "दाबतो. आता?" "वाढला!" "क्राउन-पिनियन, भिया! दात घासले दात!" राजवाड्यापाशी गाडी थांबली तेव्हा खिडकीतून चार जण आत डोकावले. एकाने अप्पांना विचारलं, "पेशंट को कहाँ ले जा रहे हो, साब?"

गोळ्यातून तेलही गळायचं. सकाळी आमच्या दारातल्या रांगोळीशेजारी एक काळा डाग असायचाच. अप्पा ते तेल दोन बोटांत चोळायचे, उन्हात धरायचे. त्यात लोखंडाची चमचम दिसली की म्हणायचे, "बघा, दात झडताहेत."

"मग दुरुस्त करा ना!" आमची ही एकदा कडाडली.

"करू, करू. अजून चालतेय."

हेच मला उमजेना. दुसऱ्याचा नळ ठिबकला तर या माणसाला झोप लागत नाही, आणि स्वतःच्या गाडीचा रोग तोंडपाठ असून हे दर रविवारी वरून तेल पाजत बसतात! छावनीतला युसूफ मिस्त्री तर वैतागलाच होता. शेवटी अक्षयतृतीया जवळ आली तेव्हा त्याने अप्पांना सरळच सांगितलं, "साहब, मानपुर के रास्ते में दाँत टूटा तो पीछे के पहिये जाम हो जाएँगे. गाड़ी पलटी तो? माईजी पीछे बैठती हैं."

अप्पांनी रूळ या काखेतून त्या काखेत केला. "खोलो," एवढंच म्हणाले.

गोळा उघडला तर आत तेलाचा काळा चिखल. नवीन क्राउन-पिनियन, म्हणजे दातेरी चाकांची जोडी, शोधायला वेळ लागला, मग ते बसवणं आलं. दात दाताला नीट भिडतोय का, हे बघायला मिस्त्री लोक दातांना तेलात कालवलेला शेंदूर फासतात आणि चाक फिरवून ठसा बघतात. युसूफने शेंदूर आणायला सांगितला. अप्पांनी तो मारुतीच्या देवळासमोरच्या दुकानातून आणला, आणि शेंदूर म्हटल्यावर गॅरेजच्या बाहेर चपला काढल्या. ठसा मनासारखा येईपर्यंत अनवाणीच उभे. युसूफ बिचारा एकदा आपल्या पायांतल्या वहाणांकडे बघायचा, एकदा अप्पांकडे. शेवटी त्यानेही काढल्या.

जुनं दातेरी चाकही मापासाठी शेंदराने माखलं होतं. अप्पांनी ते घरी आणून ओट्यावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी दूधवाला त्याला हात जोडून गेला.

गाडी आता इतकी गुमान चालू लागली की गल्लीतली कुत्री उठेनात. सगळ्यांनी वाहवा केली. अप्पांचा चेहरा मात्र सुतकी. मला वाटलं, निदान करायला काही उरलं नाही म्हणून असेल.

अक्षयतृतीयेच्या आदल्या दिवशी मला महूला काम होतं, म्हणून मी त्यांच्यासोबत निघालो. मी पुढे, माई मागे मधोमध, मांडीवर भावाच्या घरासाठी मावाबाटीच्या मिठाईचा डबा. राऊ गाव मागे पडलं तरी माई सीट चाचपतच होत्या. मग एकदम त्यांच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाल्या, "अहो, आज गाडी बोलत नाही!"

अप्पांनी गाडी एका कडुनिंबाखाली घेतली. इंजिन चालूच.

"दुरुस्त केली," ते ओरडले.

"काय?"

"दुरुस्त! केली!"

"हो का," माई म्हणाल्या. "बरं केलंत. तेवढंच एक मला ऐकू यायचं. सीटखालून थेट डोक्यात शिरायचं."

माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. मागची सीट, मधोमध, बरोब्बर गोळ्याच्या वर. कसला सरदारी थाट नि कसलं काय! आणि तो रविवारचा तेलाचा डबा, गाडी चालावी पण सूर जाऊ नये म्हणून. मला गलबलून आलं, खोटं कशाला सांगू.

अप्पा उतरले आणि मागचं दार उघडून आत वाकले. काय करावं ते त्यांना सुचत नव्हतं, हे स्पष्ट दिसत होतं. न सुचल्यावर ते नेहमी जे करायचे तेच त्यांनी केलं, रूळ काढला. एक टोक गाडीच्या तळाला टेकवलं, दुसरं सवयीने स्वतःच्या कानाकडे नेलं, आणि हात मधेच थांबला. सगळ्या इंदुरात त्यांनी रूळ लावला होता, पण कानाकडचं टोक माईंना कधी दिलं नव्हतं. मीही त्यांना ते कधी सुचवलं नव्हतं. ते त्यांनी हलकेच माईंच्या कानामागच्या हाडावर ठेवलं.

माईंनी डोळे मिटले. "आहे," त्या म्हणाल्या. "बारीक आहे, पण आहे हो."

मग अप्पांनी तळाचं टोक उचललं, आपल्या हनुवटीखाली दाबून धरलं आणि काहीतरी बोलले. ओरडून नाही. इतकं हळू की पुढच्या सीटवर मला शब्द जेमतेम कळला. त्यांनी माईंना नावाने हाक मारली होती, "कुमुद." चारचौघांत तर सोडाच, भिंतीपलीकडूनही आम्ही ते नाव कधी ऐकलं नव्हतं. ओरडून कसं म्हणणार?

माईंनी डोळे उघडले. "ओ," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हळू बोलल्या. "अजून बोला ना."

मी दार उघडून खाली उतरलो. कुठेतरी बघायला हवं म्हणून मागच्या चाकापाशी वाकून पाहिलं. तेल अजिबात गळत नव्हतं.