कोरियाची रेघ

यातला एक शब्द जरी तुला खरा वाटला ना, तर ही माझी कवळी तुझी. लाव पैज! नाही लावत? मग गप बस आणि ऐक.

आमचा जावई डेल्मर रासमुसेन. माणूस सोन्यासारखा, फक्त वजनालाही तेवढाच जड आणि हलवायलाही. जन्मभर धान्याच्या कोठारावर मका मोजला. त्याच्या बैठकीत, भिंतीतल्या शेकोटीवरच्या फळीवर एक काचेची पेटी आहे. पेटीत त्याच्या बापाचं, आन्सेलचं पिस्तूल. नाइन्टीन-इलेव्हन. ज्या साली निघालं तेच त्याचं नाव. आन्सेलनं ते कोरियाच्या लढाईतून आणलेलं. पिस्तुलाच्या डाव्या अंगाला एक वाकडी रेघ आहे, कोयत्यासारखी. डेल्मरनं लहानपणी बापाला विचारलं, "ही कसली?" बाप म्हणाला, "बॉम्बचा तुकडा घासून गेला."

झालं! तेव्हापासून घरात येणाऱ्या प्रत्येकाला आधी पेटीपुढं उभं राहावं लागतं. टोपी काढून. गॅसवाल्यालासुद्धा. डेल्मरनं ती पेटी कधी उघडली नाही. म्हणायचा, "आत बाबांच्या हातचं तेल आहे." (बापाच्या हातचं तेल! माझ्या नवऱ्याच्या अंगावरचा धडका सदरा मी फरशी पुसायला घेतला होता.)

तर वयानं काम सुटल्यावर डेल्मरच्या मनात आलं, बापाचं राहू दे पेटीत, आपण त्याच जातीचं नवं घ्यावं. हिवाळाभर तो, ज्यांच्याकडं तसली पिस्तुलं आहेत त्या लोकांनी लिहिलेलं वाचत बसला. कुणी म्हणे याचा चाप लोण्यासारखा, कुणी म्हणे त्याची पकड हाताला डसते. इतकी चौकशी त्यानं माझ्या लोरेटाशी लग्न करताना केली नव्हती.

शेवटी आणलं. आणि खरं सांगते, थट्टा बाजूला. त्यानं ते माझ्या हातात दिलं तेव्हा माझीही बोलती बंद झाली. काळंभोर, विहिरीतल्या पाण्यासारखं. वरचा भाग मागं ओढला तर आवाज नाही, खरखर नाही, जशी काचेवरून काच सरकावी. आन्सेलचं, तो होता तेव्हा, हलवलं की खुळखुळ वाजायचं. हे गप्प. आणि शंभरावर वर्षं झाली तरी आकार तोच! मी जन्मायच्या आधी कुणीतरी ते डोक्यातून काढलं, आणि अजून त्यात कुणाला बदलण्यासारखं काही सापडत नाही. माझ्या स्वयंपाकात लोरेटाला रोज सापडतं.

पिस्तुलाच्या दुकानातल्या ग्रोव्हरनं त्याला बजावलं होतं. "उघडून साफ करशील, मग जोडताना बाजूच्या या खटक्याला जप. घाईनं वर लोटलास की अंगावर रेघ उठते. मूर्खाची रेघ म्हणतात तिला. आपल्या नेमबाजीच्या क्लबात ज्याची उठली, त्यानं सगळ्यांना डोनट आणायचे आणि टोपी काढून उभं राहायचं."

"आमच्या घराण्यात हात घसरत नाही," डेल्मर म्हणाला. "बाबांनी हेच काळोखात, गोळीबारात खोलून जोडलंय."

ग्रोव्हर नुसता खोकला.

डेल्मर तेवढ्यावर थांबला असता तर! पण यानं अख्ख्या क्लबाला शनिवारी कॉफीला बोलावलं. जुन्याशेजारी नवं ठेवून दाखवणार. "आणि बघा," म्हणाला, "रेघ सापडली तर आन्सेल रासमुसेनचा मुलगा म्हणू नका मला!"

शुक्रवारी लोरेटा बाहेर गेली तशी त्यानं स्वयंपाकघरातल्या टेबलावर टॉवेल अंथरला. शेजारी तिनं चर्चच्या जेवणासाठी केलेली बटाट्याची कोशिंबीर. मी कोपऱ्यात मटार सोलत होते. पिस्तूल रिकामं असल्याचं त्यानं दोनदा पाहिलं, मग पुढची स्प्रिंग सोडायला लागला. त्या स्प्रिंगवर एक छोटं टोपण असतं. ते अंगठ्यानं दाबून धरायचं असतं.

यानं मान वर करून मला विचारलं, "आई, बघताय ना?"

सट्! टोपण उडालं, छताला लागलं आणि थेट कोशिंबिरीत.

"आई, कुठं गेलं?"

"मला काय माहीत बाबा," मी म्हटलं. "माझी नजर अधू." (मटारातली अळी मला पलीकडच्या खोलीतून दिसते.)

पण त्याला कळलंच. कोपरापर्यंत हात घालून तो कोशिंबीर चाचपायला लागला. तेवढ्यात दारात लोरेटा!

"डेल्मर! काय करतोयस?"

"मीठ बघतोय."

"हातानं?"

"खोलवर बघतोय."

टोपण मिळालं, पण लोरेटा कंबरेवर हात ठेवून उभी. "पाद्रीबाईंना मी काय तोंड दाखवू? उचल हे सगळं टेबलावरून! आत्ता!" मग घाई झाली. अंगठ्याला कोशिंबिरीतला अंड्याचा बलक, त्यात तो खटका. वर लोटला.

कर्र.

एवढासाच आवाज. पण जावई असा पांढरा पडला की मला वाटलं, कोशिंबिरीत पडतोय आता.

रेघ. वाकडी, चकचकीत.

लोरेटा गेल्यावर तो माझ्यापाशी येऊन पुटपुटला, "आई, मी बाबांचं नाव घालवलं."

डोळ्यात पाणी होतं रे त्याच्या. अडुसष्ट वर्षांचा बाप्या. मला दया आली. मी पर्समधून माझी भुवयांची पेन्सिल काढून दिली. "काळंच आहे ना? भर."

(ती पेन्सिल बोट लावलं की निघते, एवढं सांगायचं राहिलं.)

शनिवारी सगळे आले. क्लबातला सगळ्यात म्हातारा बर्डेट पुढं. पिस्तूल हातात घेतलं, रिकामं आहे ना बघितलं, वरचा भाग सरकवला आणि त्याचा जबडाच खाली आला. "अरे देवा," हळूच म्हणाला. "चाप आहे की तोंडात विरघळणारी साखर?" एकेक जण घेई, तोलून बघे आणि देवळात आल्यासारखा कुजबुजे. डेल्मरची छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण ताणलं.

शेवटी बर्डेटनं, त्यांच्यात पद्धतच आहे, डाव्या अंगावरून अंगठा फिरवला.

अंगठा काळा!

त्यानं अंगठा बघितला. पिस्तूल बघितलं. डेल्मरला बघितलं. "लेका, याला भुवया कुणी काढल्या?"

डेल्मरनं टोपी काढली. "माझा हात घसरला," म्हणाला. "बाबांचा कधी घसरला नसता."

आता सगळे बुटांकडं बघायला लागले. बर्डेट मात्र फळीवरच्या पेटीकडं बघत राहिला. डेल्मरनं त्याच्या नजरेमागं नजर नेली. मग फळीपाशी गेला. नवं पिस्तूल काचेला लावून धरलं.

तोच वाक. तीच लांबी. तीच जागा.

"हा तर... बॉम्बचा तुकडा..."

"तुकडा कसला आलाय?" मला राहवलं नाही. "लोरेटाच्या बारशाला उठली ती रेघ, माझ्याच स्वयंपाकघरात! आन्सेल माझ्या नवऱ्यापुढं मिजास करत होता. डोळे मिटून जोडतो म्हणाला. तू टेबलाखाली बसून लोणी खात होतास."

"तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं?"

"ज्याच्याकडं या जातीचं पिस्तूल, त्याला ती रेघ ओळखू येते," बर्डेट म्हणाला. "पण तू इतक्या प्रेमानं सांगायचास. आम्ही आपले टोप्या काढायचो."

"आणि आई, तुम्ही?"

"मला कुणी विचारलं?"

डेल्मर दोन रेघांकडं आळीपाळीनं बघायला लागला. मला वाटलं, आता रडतो का ओरडतो. तर त्यानं पेटीच्या काचेवर बोट ठेवून ते रेघेवरून फिरवलं, अगदी हळू, आणि म्हणाला, "डिट्टो माझ्यासारखा घसरलाय."

असा आनंद त्याच्या तोंडावर मी लग्नातही बघितला नव्हता.

"डोनटचं एक खोकं तुझं," बर्डेट म्हणाला, "आणि एक तुझ्या बापाचं, इतक्या वर्षांचं थकलेलं."

दोन्ही आणले त्यानं. आणि बुधवारी, आता काय लपवायचं म्हणून, आयुष्यात पहिल्यांदा ती पेटी उघडली. बापाचं पिस्तूल बाहेर काढलं, खोललं, प्रेमानं पुसलं, तेल दिलं. टोपणसुद्धा उडू दिलं नाही.

मग जोडलं.

आता आन्सेलच्या पिस्तुलावर दोन रेघा आहेत. गॅसवाल्यानं परवा टोपी काढून विचारलं, दुसरी कुठल्या लढाईची? मी म्हटलं, बुधवारची.

चल, ऊठ आता. जा घरी! माझी कॉफी निवली तुझ्यापायी.