बादलीतले जावई

आमच्या जावईबापूंच्या वागण्याबद्दल कुठे बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण माणसाने सहन तरी किती करायचं. घरात झुरळ निघालं की लोक चप्पल शोधतात, हे कागद शोधतात. झुरळाला कागदावर घेऊन दाराबाहेर नेतात आणि ते उलटं पडलं तर बोटाने सुलटं करून देतात. होडीचं इंजिन सुरू होत नसेल तर चार शिव्या द्यायच्या सोडून त्यालाच विचारतात, काय होतंय बाबा तुला. असा माणूस माझ्या लेकीने पसंत केला. मी तेव्हाच म्हटलं होतं, हा समुद्रावर जाऊन काय करणार, माशांची माफी मागत बसेल.

तसे ते बर्फाच्या कारखान्यात कामाला होते. कारखाना बंद पडला, आमच्या घरातला कर्ता माणूस गेला, होडी नुसती उभी होती. म्हणून मग दोघंही पोरीला घेऊन आमच्याकडे राहायला आली. होडीवर पाय ठेवला त्याच दिवशी मी त्यांना बजावलं, मासा धरायचा कसा ते येईल हळूहळू, आधी काय धरायचं नाही ते ऐका. खेकडीच्या पोटाशी अंडी दिसली की ती परत पाण्यात. भुकेने मेलात तरी. माझ्या सासूने मला सांगितलं, मी त्यांना सांगितलं, आणि बरोबरच सांगितलं. दोरीची गाठ त्यांना अजून नीट येत नाही, पण एवढं मात्र त्यांनी मनावर घेतलं.

मग ते खेकडे आले. कुठल्यातरी लांबच्या मुलखातून, मोठ्या जहाजाच्या बुडाला चिकटून आले म्हणतात. मुठीएवढे, पिवळ्या पायांचे, आणि जन्माचे उपाशी. जाळं ओढलं की वर माशांची नुसती डोकी यायची. खडकांवरचे शिंपले त्यांनी फोडून खाल्ले. ओहोटीला चालायला गेलं की पायाखाली रिकामी टरफलं काचेसारखी करकरायची. आमच्या गल्लीत एकेका दाराला कुलूप लागायला लागलं. कुणी कुणाला निरोपसुद्धा दिला नाही. सकाळी भांडी वाजली नाहीत की समजायचं, हे घर गेलं.

आमच्या घरासमोरच्या खडकावर मात्र शिंपल्यांचा पट्टा अजून जिवंत होता. लेकीने सांगून टाकलं, या हंगामात हा टिकला तर राहू, नाहीतर शहरात तिच्या दिराच्या गोदामात यांना काम आहे, पोरीलाही तिकडेच शाळेत घालू. मी म्हटलं, जा की, मी कुणाला बांधून ठेवलंय. नात माझ्याजवळ झोपते, पदराचं टोक मुठीत धरून. रोज सकाळी तिची बोटं एकेक करून सोडवावी लागतात. तेवढं एक सोडलं तर माझी काही हरकत नव्हती.

खेकड्यांचं बारसं माझ्या धाकट्या जावेने केलं. दुसऱ्याच्या घरावर बोट ठेवल्याशिवाय तिला घास गिळवत नाही. धक्क्यावर सगळ्या बायकांच्या देखत म्हणाली, "बाहेरून आले, घरात घुसले, बसून खातात, आणि जा म्हणायची सोय नाही. जावईच हे."

आमचे जावईबापू तिथेच जाळं शिवत बसले होते. सगळ्यांच्या आधी तेच हसले. मला हसू आलं नाही. माझ्या जावयाला बोलायला मी जिवंत आहे, तिने कशाला तोंड घालायचं? पण नाव चिकटलं ते चिकटलंच. मच्छीमार सोसायटीच्या चेअरमननेसुद्धा लाउडस्पीकरवरून पुकारा केला की ज्यांना जावई सापडतील त्यांनी ते झाकण लावून धक्क्यावर आणावेत, एकही जिवंत सोडू नये. त्याच वेळी कुणाचातरी खराखुरा जावई बॅग घेऊन बसमधून उतरत होता. तो म्हणे त्याच बसने परत गेला.

धक्क्यावर मोठं पिंप मांडलं होतं, खाली जाळ. सगळ्यांनी पिंजरे लावायचे, जे येईल ते आणून उकळत्या पाण्यात ओतायचं. तो वास माझ्या नाकातून अजून गेलेला नाही. जीव मारताना हसू नये, पण लोक हसायचे, एकमेकांना विचारायचे, आज किती जावई शिजवले. रडून झालं होतं ना सगळ्यांचं.

माझी बोटं आता वळत नाहीत. म्हणून मी सुकाणू धरायची, आणि पिंजरा ओढणं, निवडणं सगळं जावईबापूंकडे. ते तिकडे टोकाला, माझ्याकडे पाठ करून. बादली आमची कायम भरलेली. जावेची अर्धी. मी मुद्दाम तिच्या दारावरून न्यायची.

पण हळूहळू उलटंच दिसायला लागलं. जावेच्या घरासमोरचं पाणी साफ होत चाललं आणि आमचा पट्टा झडायला लागला. रोज धरतोय आणि रोज वाढतायत. मी काय समजायचं ते समजले. भर धक्क्यावर तिला म्हटलं, "तुझ्या वाटणीचे जावई आमच्या खडकावर आणून ओततेस, लाज नाही वाटत?" ती रडली. मला वाटलं, चोर पकडला. तिच्याशी बोलणं टाकलं.

मग मत्स्यखात्याच्या मॅडम आल्या. त्यांनी आमची बादली पालथी केली, एकेक खेकडा उताणा करून बघितला.

"आजी, तुमच्या बादलीत सगळे नरच कसे?"

मी म्हटलं, "आमचं आमिष चांगलं असतं. खायचं दिसलं की आधी पुरुषच धावतात."

बायका हसल्या, मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, या दिवसांत प्रत्येक मादी अंड्यांवर असते, एकेक लाखाच्या घरात अंडी घालते, माद्या कुठे जातायत ते शोधा. त्या हाती लागल्या तर खडक शिंपल्यांनी पुन्हा भरेल. वेळ लागेल, पण भरेल.

दुसऱ्या दिवशी मी सुकाणूला टेकून डोळे मिटून घेतल्यासारखं केलं. पिंजरा वर आला. जावईबापूंनी एकेक खेकडा उचलला, उताणा केला. पोटाशी केशरी गोळा दिसला की तो बादलीत नाही, पायाशी ओलं फडकं घातलेली टोपली होती, तिच्यात. वरून पुन्हा फडकं. असं करत आम्ही घरासमोर आलो. आमच्या खडकापाशी ते वाकले आणि दोन्ही हातांनी एकेकीला पाण्यात ठेवायला लागले, पाळण्यात ठेवावं तसं. "जा बाई, जपून."

"जावईबापू, हे काय?"

ते दचकलेसुद्धा नाहीत. "पोटुशी आहे, आई."

"ते दिसतंय मला. इथे का सोडली?"

"तिला खायला लागणार ना. इथे शिंपले आहेत."

"सगळ्या इथेच सोडल्या?"

"मग काय, वाटेल तिथे कशा टाकायच्या? तुम्हीच म्हणाला होतात, भुकेने मेलात तरी."

"ते आपल्या खेकड्यांबद्दल म्हटलं होतं मी."

त्यांनी टोपलीवरचं फडकं सारखं केलं. "आपल्या-परक्या असं काही बोलला नव्हतात तुम्ही. आणि आई, धक्क्यावर सगळे यांना जावई म्हणतात. मला वाटलं, बाकी कुणी नाही तर निदान मी तरी..."

माझ्या तोंडात शिव्या कधी कमी पडल्या नव्हत्या. त्या दिवशी पडल्या.

गावात मी काही सांगितलं नाही. पिंप अजून उकळत होतं, आणि लोकांच्या हसण्याचा भरवसा नव्हता. जावेच्या दारावरून जाताना मात्र तिला "काय गं" म्हटलं. तिने पाट पुढे सरकवला. त्यात काय ते दोघींना कळलं.

हंगाम संपला तेव्हा खडक बोडका झाला होता. लेकीने बांधाबांध केली. दारात ट्रंक, ट्रंकेवर पोरीची छत्री. पोरगी माझा पदर मुठीत धरून उभी, आणि लेक तिची बोटं सोडवतेय. सुटत नव्हती. मी मदत केली नाही.

जावईबापू निरोप घ्यायला समोर आले. डोळे लाल. "चुकलं माझं, आई. काय शिक्षा करायची ती करा."

"काय चुकलं यांचं?" लेकीने विचारलं. मी कोपऱ्यातली बादली आणली, त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि बादली दिली.

"जावईबापू, त्या सगळ्या तुमच्या ओळखीच्या. कुठल्या दगडाखाली कोण बसलीय ते तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. तेव्हा तुम्ही सोडलेल्या सगळ्या धरायच्या. त्यांच्या लेकी धरायच्या, त्यांच्या नाती धरायच्या. शेवटची या बादलीत पडली की मी स्वतः तुम्हाला बसमध्ये बसवून देईन. तोवर या उंबऱ्याबाहेर ट्रंक जायची नाही. आणि पिंपात मी ओतेन. ते तुमच्याच्याने व्हायचं नाही."